अर्गिरिस कोंतोस उठत नाही

पोलिक्सेनी ही अर्गिरिस कोंतोसची मेव्हणी. दर उन्हाळ्यात ती मेलबर्नहून बेटावर येते आणि दर उन्हाळ्यात अर्गिरिसला कशात ना कशात नापास करून परत जाते. एका वर्षी त्याची कवळी नापास झाली, एका वर्षी घरातला फ्रीज, एका वर्षी त्याची समुद्रात पोहण्याची पद्धत. या वर्षी तिनं हवेलीचा विषय घेतला.

"म्हणजे ग्रीपेओसांची हवेली तू आतून पाहिलीच नाहीस?" अंजीर सोलता सोलता तिनं विचारलं. "सकाळी खिडकी उघडली की समोर ती दिसते तुला. मी जगाच्या त्या टोकाला राहते, माझी दोनदा बघून झाली."

"जन्म बंदर कचेरीत गेला माझा," अर्गिरिस म्हणाला. "जहाजांचं मला कुणी काही सांगायला नको."

"जहाजांचं कोण बोलतंय? घराचं बोलतेय मी. संग्रहालय झालंय तिथं. अथेन्सहून माणसं येतात बघायला."

अर्गिरिसनं बायकोकडे पाहिलं. बहिणीच्या विरोधात एव्दोकिया कधी बोलत नसे आणि नवऱ्याच्या बाजूनंही बोलत नसे. तिनं बशा उचलल्या आणि नळ सोडला.

खरं सांगायचं तर अर्गिरिस हवेलीत गेला नव्हता तो तत्त्वासाठी. याकुमिस ग्रीपेओसनं दीडशे वर्षांपूर्वी टेकडीखालच्या गोदीत मोठमोठी जहाजं बांधली, त्या पैशावर टेकडीवरची हवेली बांधली, इथवर कुणाचीच तक्रार नाही. पण अर्गिरिसचा बाप स्तामातिस याच घराण्याच्या नातवंडांच्या गोदीत सुतार होता, आणि हयातभरात त्याला हवेलीच्या स्वयंपाकघराच्या पायरीपलीकडे कुणी बोलावलं नव्हतं. जिथं बापाला आत घेतलं नाही तिथं मुलानं तिकीट काढून जायचं, हे अर्गिरिसला पटत नव्हतं. पण हे पोलिक्सेनीला सांगितलं असतं तर तिनं त्यातही गुण कापले असते.

तेव्हा मंगळवारी सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून तो टेकडी चढला. हवेली मंगळवारी बंद असते.

उतरताना तो मिल्तोस न्हाव्याच्या दुकानात टेकला. हे चुकलंच. मिल्तोसच्या दुकानात केस थोडे कापले जातात आणि सल्ले भरपूर दिले जातात.

"तिकीट काढायचं नाही," मिल्तोस कात्री हवेत चालवत म्हणाला. "बेटावरच्या रहिवाशांना फुकट आहे. फक्त दाखला न्यायचा. नगरपालिकेत जा, पाच मिनिटांचं काम."

"पाच मिनिटांचं काम" हे शब्द अर्गिरिसनं स्वतः बंदर कचेरीच्या खिडकीतून आयुष्यभर लोकांना ऐकवले होते. त्यांचा अर्थ त्याच्याइतका कुणाला ठाऊक असणार? तरी तो गेला. खिडकीतल्या मुलीनं त्याला आधी दुसऱ्या खिडकीकडे पाठवलं, दुसरीनं शिक्का नाही म्हणून वरच्या मजल्यावर पाठवलं, वरच्यांनी साहेब कॉफीला गेलेत असं सांगितलं. अर्गिरिस बाकावर बसून वाट बघत राहिला. राग येत होता, पण त्यांची कामाची पद्धत बघून मनातल्या मनात थोडी दादही देत होता. दुपारी दाखला हातात पडला.

बुधवारी हवेलीच्या दारातल्या टेबलाशी कोझमास बसला होता. हा कोझमास शाळेत अर्गिरिसच्या शेजारी बसायचा आणि त्याच्याच पाटीवरून उतरवून पास झालेला. त्यानं चष्मा चढवून दाखला सावकाश वाचला.

"यावर तू पलीकडच्या बेटाचा रहिवासी आहेस."

"काय?"

"बघ ना. आपली नगरपालिका त्यांच्यात विलीन झाली. आता सगळ्यांच्या दाखल्यावर त्यांचंच नाव येतं. फुकट प्रवेश फक्त या बेटाच्या रहिवाशांना."

"कोझमास, माझं घर तुला इथून दिसतंय."

"दिसतंय की. एव्दोकियानं चादरी वाळत टाकल्यात. पण कागद काय म्हणतो ते मला बघायला लागतं, अर्गिरिस. तूच शिकवलंस मला. माझ्या होडीचा अडवलेला परवाना आठवतो?"

अर्गिरिसला आठवत होता. त्यानं मान ताठ ठेवून पाहुण्यांचं पूर्ण तिकीट काढलं. ज्या बेटावर जन्मलो तिथं तिकीट काढून पाहुणा व्हायचं, वर पलीकडच्या बेटाचा ठरायचं! पलीकडची माणसं ऑलिव्हच्या तेलात दुसरं तेल मिसळतात हे सगळ्यांना माहीत आहे. कोझमासनं तिकिटाबरोबर बुटांवर चढवायच्या निळ्या पिशव्या दिल्या. जमीन खराब होते म्हणून. आंघोळीच्या टोपीसारख्या त्या पिशव्या पायात चढवताना एक पाय वर, एक हात कोझमासच्या खांद्यावर, अशा अवस्थेत मागून फ्रेंच पाहुण्यांचा घोळका आला आणि एकानं त्याचा फोटो काढला.

इतकं सगळं झाल्यावर माणूस हवेली शांत मनानं बघेल अशी अपेक्षा करणं अन्यायाचं आहे.

खालच्या दालनात तो घसरत घसरतच फिरला. झुंबर पाहिलं, जहाजांचे लाकडी नमुने पाहिले, ग्रीपेओसच्या बायकोचं तैलचित्र पाहिलं. बाई अपचन झाल्यासारखी दिसत होती. मग तो जिन्यानं वर गेला. वरच्या कोपऱ्यातली खोली याकुमिसची कामाची खोली होती. खिडकीतून खालची गोदी दिसत होती, टेबलावर जुने नकाशे मांडले होते, आणि टेबलामागे, लाल मखमली दोरीच्या आत, अर्गिरिसच्या आईची खुर्ची होती.

तो थांबला. चष्मा काढला, पुसला, परत लावला. अक्रोडाच्या रंगाची, पाठीला पाच पट्ट्या, बसायची जागा मधोमध झिजून खोलगट झालेली. आणि डावा हात उजव्या हातापेक्षा चांगला वीतभर खाली.

आई, कालियोपी, याच खुर्चीत स्वयंपाकघराच्या खिडकीशी बसायची. ती गेल्यावर खुर्चीत अर्गिरिस बसायला लागला, सकाळची कॉफी आणि पेपर तिथंच. सात वर्षांपूर्वी तो डोळ्याच्या ऑपरेशनला अथेन्सला गेला, परत आला तर खुर्ची नव्हती. वाळवी लागली होती, नगरपालिकेच्या गाडीवर दिली, असं एव्दोकिया म्हणाली. तो पंधरवडाभर तिच्याशी फारसा बोलला नव्हता. त्यानंतर घरात आलेल्या प्रत्येक खुर्चीनं त्याची कंबर दुखवली होती.

शेजारी छापील पाटी होती. त्यानं वाचली. "याकुमिस ग्रीपेओस यांची कामाची खुर्ची. डावा हात मुद्दाम खाली घेतलेला असून, आराखडे काढताना महान जहाजबांधणीकारांना मोजपट्टी ठेवणे सोयीचे व्हावे अशी योजना दिसते."

अर्गिरिसनं पाटी परत एकदा वाचली. मग आयुष्यात कधीही कुठलाही नियम न मोडलेल्या त्या माणसानं दोरीचा आकडा काढला, आत गेला, आणि बसला.

मागे टेकल्याबरोबर पाठीची तिसरी पट्टी कुरकुरली. सात वर्षांत पहिल्यांदा त्याची कंबर दुखली नाही.

फ्रेंच पाहुण्यांना वाटलं हाही कार्यक्रमाचाच भाग आहे. त्यांनी अजून फोटो काढले. त्यांच्यातल्या एकीनं कोझमासला जाऊन विचारलं, वरचे ग्रीपेओस किती वाजेपर्यंत बसतात? कोझमास धापा टाकत वर आला, दारातच थबकला, आणि संग्रहालयाच्या प्रमुख बाईंना आणायला गेला.

प्रमुख बाईंचं नाव राल्लू. अथेन्सहून बदलून आलेल्या, तिशीच्या, हुशार, आणि बेटावर आल्यापासून वाऱ्यानं कायम सर्दी झालेल्या.

"कीर अर्गिरिस," त्या नाक पुसत, नावाआधी अदबीचं 'कीर' लावून, शांतपणे म्हणाल्या, "आपण प्रदर्शनातल्या वस्तूवर बसला आहात."

"मी माझ्या आईच्या खुर्चीवर बसलोय, बाई. ती प्रदर्शनात कशी आली ते तुम्ही सांगा."

बाईंनी सांगितलं. हवेली सजवायला घेतली तेव्हा नगरपालिकेच्या गोदामात जुनं सामान पडलं होतं. जाणकारांनी त्यातलं काही निवडलं. खुर्ची गोदीच्या लाकडाची आहे, काम गोदीच्या सुताराचं आहे, हे अभ्यासानं सिद्ध झालं आहे.

"बरोबर आहे अभ्यास. सुतार माझा बाप होता. उरलेल्या लाकडातून त्यानं ही बायकोसाठी केली. आणि डावा हात खाली आहे तो मोजपट्टीसाठी नाही." इथं अर्गिरिसचा आवाज जरा अडखळला, कारण समोर फ्रेंच पाहुणे, कोझमास आणि एक अनोळखी तरुण जोडपं उभं होतं. पण माघार घ्यायची वेळ टळून गेली होती. "आई मला पाजायला बसायची तेव्हा कोपर टेकायला तिला हात उंच व्हायचा. म्हणून बापानं तो कापून खाली बसवला. तुमचे महान जहाजबांधणीकार जिथं मोजपट्टी ठेवत होते म्हणता, तिथं माझं डोकं होतं."

कोझमासला खोकला आला. तो खोकला नव्हता.

"याला काही पुरावा?" राल्लूबाईंनी विचारलं.

"तिसरी पट्टी कुरकुरते." त्यानं टेकून दाखवलं.

"प्रत्येक जुनी खुर्ची कुरकुरते, कीर अर्गिरिस. उठा, प्लीज. आपण खाली बसून बोलू."

"खाली बसल्यावर माझी कंबर दुखते. मी इथंच बोलतो."

मग हवालदार पांतेलिस आला. हा एव्दोकियाचा धर्मपुत्र, बाप्तिस्म्याच्या वेळी तिनंच त्याला हातात धरलं होतं, तिला तो नोना म्हणायचा, त्यामुळे अर्गिरिसकाकांना अटक करावी लागेल की काय या विचारानं त्याला जिना चढतानाच घाम फुटला होता.

"काका, चुकून बसलात असं म्हणा. विषय मिटतो."

"चुकून नाही. बघून बसलो. उद्याही बसणार."

पांतेलिसनं त्याच्या काखेत हात घातला. अर्गिरिसनं खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरले.

"ओढू नका," राल्लूबाई घाईनं म्हणाल्या. "सांधे जुने आहेत, निखळतील. आणि खुर्चीला हात लावायचाच नाही. वस्तू हलवायला अथेन्सहून तज्ज्ञ यावा लागतो."

"मग मी काकांना हलवू की नको?"

"काकांना हलवा. खुर्चीला नको."

"पण काकांनी खुर्चीला धरलंय."

राल्लूबाईंनी अथेन्सच्या कार्यालयात फोन लावला. तिथल्या माणसानं विचारलं, बसलेली व्यक्ती वस्तूला कायमची जोडलेली आहे की तात्पुरती? बाई म्हणाल्या, तात्पुरती. मग पलीकडून सांगण्यात आलं की ही बाब त्यांच्या विभागाची नाही. हे ऐकून आत बसलेल्या अर्गिरिसनं मान डोलावली. त्याच्या मते उत्तर अगदी योग्य होतं. त्यानंही तेच दिलं असतं.

एव्हाना मिल्तोसनं दुकान अर्ध्या दाढीवर सोडून सगळ्या बंदरावर बातमी पोचवली होती, आणि बाजारात बातमी ऐकून एव्दोकिया टेकडी चढून आली. कोझमासनं तिच्याकडे तिकीट मागितलं नाही. तिच्या चेहऱ्याकडे बघून बुटांच्या पिशव्याही दिल्या नाहीत.

ती दारात आली आणि तिनं खुर्ची पाहिली. अर्गिरिसकडे तिचं नंतर लक्ष गेलं.

"ऊठ," ती म्हणाली.

"वाळवी लागली होती म्हणालीस. कुठंय वाळवी? दाखव."

"ऊठ, अर्गिरिस. लोक बघतायत."

"बघू देत. माझ्या आईची खुर्ची तू गाडीवर टाकलीस आणि त्यांनी ती ग्रीपेओसाला दिली. जिवंतपणी त्या घरानं बापाला आत घेतलं नाही आणि आता त्याच्या हातचं कामही स्वतःच्या नावावर लावलं. मी उठणार नाही. इथंच म्हातारा होईन."

"आता काय तरुण आहेस?" दाराशी कुणीतरी म्हणालं. ते मिल्तोस होतं. एव्दोकियानं मागे वळून पाहिलं तसा तो जिन्याच्या दोन पायऱ्या खाली गेला.

मग ती दोरीपाशी येऊन उभी राहिली आणि हळू आवाजात बोलली. पण खोली रिकामी असल्यासारखी शांत झाली होती, त्यामुळे सगळ्यांनाच ऐकू गेलं.

"वाळवी नव्हती. लग्न होऊन आले तेव्हा तुझ्या आईनं मला ही दाखवली. म्हणाली, डावा हात बघ, तुझ्यासाठीच ठेवलाय आता. मग वर्षं गेली. दवाखाने झाले, नवस झाले. ती गेली. तू खुर्चीत बसून पेपर वाचायला लागलास, आणि रोज सकाळी तुला कॉफी देताना तो खालचा हात माझ्यासमोर. तू नव्हतास तेव्हा गाडी दाराशी थांबली होती. मी दिली. परत वेळ आली तरी देईन."

अर्गिरिसनं खुर्चीच्या डाव्या हातावरून कोपर उचललं. त्यांना मूल झालं नव्हतं, हे दोघांनाही ठाऊक होतं. पण ते त्या खुर्चीच्या हातावर इतकी वर्षं ठेवलेलं होतं, हे त्याला ठाऊक नव्हतं. तो रोज तिथं कोपर टेकून क्रीडापान वाचत होता.

तेवढ्यात तान्हं रडायला लागलं.

मघापासून मागे उभ्या असलेल्या त्या तरुण जोडप्यातल्या बाईच्या छातीशी कापडात बांधलेलं बाळ होतं. उत्तरेकडचे पाहुणे असावेत. भाषा कळत नव्हती, त्यामुळे इथं काय चाललंय याचा त्यांना पत्ता नव्हता. बाळ आधी कुरकुरलं, मग पेटलं. बाई लाल झाली आणि बसायला जागा शोधू लागली. खोलीत बसण्यासारखी एकच वस्तू होती आणि तिच्यावर अर्गिरिस होता.

पांतेलिसला जमलं नव्हतं, अथेन्सला जमलं नव्हतं. अर्गिरिस उठला. त्यानं दोरी बाजूला केली आणि बाईला हातानं खूण केली. ती बिचकली. तेव्हा एव्दोकिया पुढे झाली, तिचा दंड धरून तिला आत नेलं आणि बसवलं. खांद्यावरची शाल काढून तिच्या पुढ्यात धरली.

"सगळे तिकडे तोंड करा," ती म्हणाली, आणि हवालदारासकट सगळ्यांनी तिकडे तोंड केलं.

राल्लूबाईंनी मात्र केलं नाही. शालीच्या वर बाईचा चेहरा दिसत होता, आणि शालीच्या कडेला तिचं डावं कोपर. कोपर खालच्या हातावर टेकलं होतं, कुणी न सांगता, आणि बाळाचं डोकं बरोबर तिथं आलं होतं जिथं मोजपट्टी असायला हवी होती. रडणं थांबलं. बाई मागे टेकली. तिसरी पट्टी कुरकुरली.

मग राल्लूबाईंनी जाऊन भिंतीवरची छापील पाटी काढली आणि पर्समध्ये ठेवली.

"पाटी बदलायलासुद्धा अथेन्सची मंजुरी लागेल," त्या म्हणाल्या. पहिल्यांदाच त्यांचा आवाज सर्दी झालेल्या माणसाचा वाटला, अधिकाऱ्याचा नाही. "वेळ लागेल. पण मी लिहीन. तुमच्या वडिलांचं पूर्ण नाव सांगा."

"स्तामातिस कोंतोस," अर्गिरिस म्हणाला. "आणि आईचंही लिहा. कालियोपी."

"खुर्ची परत हवी असेल तर अर्ज करावा लागेल. त्याला आणखी वेळ..."

"नकोय परत," एव्दोकिया शाल धरून उभ्याउभ्याच म्हणाली. "घरात ती नकोच मला. इथं बरी आहे. फक्त ही दोरी काढा."

"दोरी काढता येत नाही, कीरिया एव्दोकिया. नियम आहे."

"कुणी बाळ घेऊन आली तर तिला बसू द्यायचं. हाही नियमच समजा."

"ते माझ्या हातात नाही."

"मग हा उद्यापासून रोज येऊन बसेल," एव्दोकियानं अर्गिरिसकडे न बघता सांगितलं. "सकाळी उघडल्यापासून. मी याचं जेवण वर पोचवीन. टोमॅटोत भात भरून आणीन, तेल गळेल तुमच्या जमिनीवर. पांतेलिस रोज ओढायला येईल आणि रोज याला ओढता येणार नाही. अथेन्सवाल्यांना रोज फोन करा."

पांतेलिस भिंतीकडे तोंड करूनच म्हणाला, "नोना, मला उद्या सुट्टी आहे."

अर्गिरिसनं बायकोकडे पाहिलं. लग्नाच्या इतक्या वर्षांत ती त्याच्या बाजूनं उभी राहिलेली त्यानं पहिल्यांदाच पाहिली होती, आणि आपण कुठल्या बाजूला आहोत हे त्याला क्षणभर आठवेना.

राल्लूबाईंनी नाक पुसलं. मग त्या वाकल्या, दोरीचा दुसरा आकडाही काढला, दोरीची गुंडाळी केली आणि उभ्या राहिल्या. ती कुठं ठेवायची हे त्यांना कळेना. एव्दोकियानं मोकळा हात पुढे केला. बाईंनी दोरी तिच्या हातात दिली.

"धुवायला नेली असं सांगेन मी," त्या म्हणाल्या.

"मखमल धुवायला फार दिवस लागतात," एव्दोकिया म्हणाली, आणि दोरी बाजारच्या पिशवीत, वांग्यांच्या वर, गेली.

बाळ झोपलं. आई उठली, एव्दोकियाचा हात धरून आपल्या भाषेत काहीतरी म्हणाली आणि नवऱ्याबरोबर जिना उतरली. फ्रेंच मंडळीही गेली. दारात कोझमासनं अर्गिरिसच्या बुटांवरच्या निळ्या पिशव्या स्वतः वाकून काढल्या, आणि अर्गिरिसनंही होडीच्या परवान्याचा विषय काढला नाही.

दोघं टेकडी उतरायला लागले. खालून बंदराचा वास येत होता, डांबर आणि तळलेल्या माशांचा. मिल्तोस पुढे धावत गेला होता, म्हणजे आता घरी पोचेपर्यंत चौकाचौकात माणसं थांबलेली असणार. अर्गिरिस म्हणाला, "मला सांगायचंस."

"तू पेपर वाचत होतास."

वळणावर एव्दोकिया थांबली. थकली असेल असं त्याला वाटलं, म्हणून त्यानं पिशवी घेतली. ती मागे वळून हवेलीच्या वरच्या खिडकीकडे बघत होती.

"उद्या किती वाजता उघडतं ते?"

"नऊला. का?"

"आई गेल्यावरही मी त्या खुर्चीत कधी बसले नाही," ती म्हणाली. "एकदाही. मला बघायचंय बसून."

"बाळ नसलेल्यांना बसायला परवानगी नाही," अर्गिरिसच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, आणि ते ऐकून तो स्वतःच रस्त्यात उभा राहिला. मग त्यानं पिशवी दुसऱ्या हातात घेतली आणि बायकोचा हात धरला.

"आठलाच जाऊ," तो म्हणाला. "दार उघडेपर्यंत पायरीवर बसू. बघतो मी आपल्याला कोण उठवतं ते."